भिंत, माग, दालन

घोटी मराठी माणसाला ठाऊक असते ती तीन गोष्टींमुळे: भात, कळसूबाई आणि हायवेवरचा चहा. कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली की घोटी येते. इथून एक रस्ता भंडारदऱ्याला फुटतो, एक सिन्नरला. भाताच्या गिरण्या, बाजार, ट्रकांची वर्दळ आणि पावसाळ्यात डोंगराकडे निघालेल्या गाड्या, असा या गावाचा चेहरा. चित्रं बघायला घोटीला कुणी येत नाही.

पण चित्रं घोटीवरून जातात. नाशिकच्या चित्रकाराला मुंबईत दालन मिळालं की चौकटी केलेली चित्रं जुन्या चादरींत गुंडाळून, टेम्पोत उभी रचून याच रस्त्यानं घाट उतरतात. प्रदर्शन संपलं की न विकलेली चित्रं त्याच चादरींत घाट चढतात. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. मुंबई आणखी जवळ आली. दालनं मात्र घोटीकराला होती तेवढीच लांब राहिली, कारण ते अंतर किलोमीटरचं कधी नव्हतंच. ‘आपल्याला आत जाऊ देतील का? तिकीट किती? काही घ्यावं लागेल का? आणि कळलं नाही तर?’ या चार प्रश्नांनी माणूस दारातून मागे फिरतो.

हा लेख त्या दारातून आत शिरण्याचा आहे. घोटी मध्यावर धरून दोन्ही बाजूंना जाता येईल तिथपर्यंत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट विचारायची: इथे कलेला जागा कुणी दिली, आणि तिचं भाडं कोण भरतं?

तांदळाचा पांढरा

सुरुवात घोटीच्या उत्तर-पश्चिमेकडून करू. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा आणि घाटाखालचा जव्हार, मोखाडा, डहाणू हा आदिवासी पट्टा. इथलं सगळ्यात जुनं दालन म्हणजे घराची भिंत. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी त्या भिंतीवर चौक लिहितात. शेण-मातीनं सारवलेल्या आणि गेरूनं लाल केलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हा कुंचला. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी, शेजारी देवचौकात पंचशिऱ्या देव. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते आणि चौक पुरा झाल्याखेरीज लग्न लागत नाही. चित्राला भाडं नाही, किंमत नाही, सही नाही. लग्न झालं, पावसाळा आला, भिंत पुन्हा सारवली, की चित्र संपलं.

म्हणजे ज्या धान्यासाठी घोटी ओळखली जाते, तेच धान्य या कलेचा रंग आहे. घोटीच्या माणसानं वारली चित्रापुढे उभं राहून ‘आपल्याला यातलं काय कळणार’ म्हणणं हे भाताच्या गिरणीवाल्यानं तांदूळ ओळखता येत नाही म्हणण्यासारखं आहे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग पोचवले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर लग्नाच्या चौकाबाहेरचं जग मांडलं: मासेमारी, मुंग्या, पेरणी, तारपा नाच. १९७५ मध्ये त्यांची चित्रं मुंबईत गॅलरी केमोल्डमध्ये लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा वारली चित्रं कुर्त्यांपासून विमानतळांपर्यंत पसरली होती.

या प्रवासात जागा बदलली आणि जागेबरोबर हातही बदलले. भिंतीवर लिहिणाऱ्या बायका होत्या. कागदावर नावारूपाला आले ते बहुतेक पुरुष. भिंतीवरचं चित्र विधीचं होतं, म्हणून ते दुसऱ्याला विकता येत नव्हतं. कागदावरचं घडी घालून मुंबईला नेता आलं. फायदा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण दालनात वारली चित्र बघताना ते मुळात कुणाच्या हातचं आणि कशासाठी होतं, एवढं माहीत असलेला प्रेक्षक त्या चित्रात जास्त बघतो.

याच पट्ट्यातलं दुसरं दालन चालतंबोलतं आहे. बोहाडा या सोंगांच्या उत्सवाच्या रात्री संबळ आणि पिपाणी वाजायला लागतात आणि एकेक देव-दानव मुखवटा चढवून गावात उतरतो. गणपती, मारुती, नरसिंह, रावण, त्राटिका. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. काही इतके जड की मानेला बळ नसेल तर सोंग नाचवता येत नाही. शहरातल्या संग्रहालयात हाच मुखवटा काचेमागे भिंतीला टांगलेला असतो आणि खाली चिठ्ठी असते. मोखाड्यात तो उजेडात येतो, पावलं टाकतो, पोरांना घाबरवतो आणि अंधारात जातो. मुखवटा हलताना कसा दिसावा, याचा विचार करून तो कोरलेला आहे, हे तिथे गेल्याशिवाय समजत नाही.

कोष्ट्यांकडे ठेवलेली ठेव

आता नाशिकच्या दिशेनं. घोटी ते नाशिक साधारण ३५ किलोमीटर. शहरात शिरण्याआधीच उजव्या हाताला त्रिरश्मी डोंगर लागतो आणि त्याच्या कमरेला पांडवलेणी. चोवीस लेण्यांचा हा समूह. सहलीची पोरं पायऱ्या मोजत वर जातात, फोटो काढतात आणि उतरतात. ज्याला कलेच्या अर्थकारणात रस आहे त्यानं दहाव्या लेण्यात जरा जास्त वेळ थांबावं.

ते क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं कोरवलेलं. भिंतीवरच्या लेखात त्यानं सांगितलंय, की लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी त्यानं तीन हजार कार्षापण गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दरानं, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी. हिशेब करून बघा: दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस बारं दोनशे चाळीस. एक नाणं इकडचं तिकडे नाही.

राजघराण्यातल्या माणसानं पैसा सांभाळायला दिला तो विणकरांना. त्यांची पत एवढी होती. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे येवल्याला जायचं आहे.

घर हाच स्टुडिओ

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी नाशिक महापालिकेचं दादासाहेब फाळके स्मारक आहे. फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म ३० एप्रिल १८७०. त्यांना आपण भारतीय सिनेमाचे जनक म्हणून मोकळे होतो आणि त्याआधीचा माणूस विसरतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, बडोद्याच्या कलाभवनात तैलचित्र आणि जलरंग शिकलेला, फोटोग्राफी, ब्लॉक तयार करणं, रंगीत छपाई, जादूचे प्रयोग हे सगळं करून बसलेला कारागीर होता तो. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून छापखाना काढला, भागीदारांशी बिनसलं, आणि चाळिशीत सिनेमाच्या मागे लागला.

सावकाराला पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून रोप डोळ्यांसमोर वाढताना दाखवलं. ‘राजा हरिश्चंद्र’ बनला तो दादरच्या भाड्याच्या घरात. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, मंडळींचा स्वयंपाक केला, रात्री फिल्मला भोकं पाडली, धुलाईला हात लावला. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात चित्रपट लागला. त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड-बाजल्यासह नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंकादहन’ नाशिकला झाले. १९१८ मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली.

मुद्दा असा, की स्टुडिओ ही काही परदेशी काचेची खोली नव्हती. तो एका कुटुंबाचा संसार होता. त्यात पडदे रंगवणारे, तालीम करणारे, वाढणारे आणि जेवणारे एकत्र होते. आजही नाशिकमधले बरेचसे कलाकार घराच्या गच्चीत, बंगल्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर फ्लॅटच्या दुसऱ्या बेडरूममध्ये काम करतात. बैठकीच्या खोलीत सोफा आणि बाल्कनीत इझल. भाडं कुटुंब भरतं, वाढत्या पोरांच्या खोलीच्या रूपानं.

घाटावरचे रंग, शेडमधली माती

नाशिकला चित्रकलेची स्वतःची चाल आहे आणि ती बऱ्याच अंशी गोदाघाटानं घडवली. सकाळी रामकुंडाच्या बाजूला गेलं तर पाटी मांडीवर घेऊन बसलेली दोन-तीन माणसं दिसतात. सुंदरनारायणाचं शिखर, नारोशंकराचं मंदिर, ओल्या पायऱ्या, वाळत घातलेली लुगडी, बुधवारचा बाजार. शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं याच शहराची. प्रफुल्ल सावंत आणि राजेश सावंत यांनी नाशिकचा जलरंग परदेशांपर्यंत नेला. वा. गो. कुलकर्णी यांच्या नाशिक कलानिकेतनातून शिकलेली मुलं जिल्हाभर शाळांत चित्रकला शिकवतात.

जलरंग घाटावर बघावा, कारण दालनात दिसत नाही ती गोष्ट तिथे दिसते: वेळ. कागद ओला आहे तोवरच आकाश काढायचं. ऊन चढलं की कागद वाळतो आणि सावली सरकते. तासाभरात चित्र पुरं होतं किंवा फसतं. मधली अवस्था नाही. पांढरा रंग वापरायचा नसतो, पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद. म्हणून चित्रकार पहिला हात लावण्याआधी बराच वेळ नुसता बसतो. काय सोडायचं हे तो ठरवत असतो. बघ्यांना ती विश्रांती वाटते.

मग घाटावरून शिल्पकाराच्या शेडमध्ये जावं. मदन गर्गे यांच्यासारख्या शिल्पकारांमुळे नाशिक पुतळ्यांसाठीही ओळखलं जातं. इथे वेळेचा हिशेब उलटा. आधी लोखंडाचा सांगाडा, त्यावर माती. माती वाळून तडकू नये म्हणून ओली फडकी गुंडाळायची, रोज पाणी मारायचं. सार्वजनिक जागी महापुरुषाचा पुतळा बसवायचा असेल तर मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. नाकाची ठेवण, पगडीचा बाक, हाताची मुद्रा तपासली जाते. मग साचा, साच्यातून मेणाची प्रत, मेणाभोवती मातीचं जाड आवरण. भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातूचा रस ओततात. मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांत ओतून जोडतात, सांधे घासतात, रसायनं लावून रंग चढवतात. चौकात हार घालताना आपण जो पुतळा बघतो तो सांगाडा धरला तर पाचवा अवतार असतो. पहिला लोखंडाचा, दुसरा मातीचा, तिसरा साच्यातला, चौथा मेणाचा.

स्टुडिओत जायचे काही शिष्टाचार आहेत, ते कुठे लिहिलेले नसतात. आधी फोन करावा. अर्धवट कामाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. ओल्या चित्राच्या जवळ बोट नेऊन दाखवू नये. ‘हे काय आहे?’ याऐवजी ‘हे कसं केलंत?’ असं विचारलं तर तासभर गप्पा होतात. सर किंवा मॅडम चहा विचारतातच, तो घ्यावा. आणि किंमत विचारायला लाजू नये. परवडणार नाही हे मोकळेपणानं सांगितलं तर बहुतेक चित्रकार खालच्या खणातून छोटी रेखाटनं बाहेर काढतात.

गंगापूर रस्त्यावरच्या कुसुमाग्रज स्मारकात ‘छंदोमयी’ कलादालन आहे. तात्यासाहेबांच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या, कवितासंग्रहाचंच नाव. तिथे कधी हौशी छायाचित्रकार, कधी शाळेची मुलं, कधी मुरलेले चित्रकार. उद्घाटनाला गर्दी होते, हार-तुरे होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता गेलात तर दालनात चित्रकार एकटा खुर्चीवर बसलेला असतो. जाण्याची खरी वेळ तीच.

येवल्याची पडवी

नाशिकहून पूर्वेला येवलं. इथे कलादालनाची पाटी दिसत नाही, पैठणीच्या दुकानांच्या पाट्या दिसतात. खरेदीच्या झगमगाटातून मागच्या गल्लीत गेलं की घराघरांत माग. पुढच्या खोलीचा अर्धा भाग मागानं व्यापलेला. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसलेला. मागे भिंतीवर घरच्या देवांची तसबीर आणि मुलांचं दप्तर.

पैठणीचा पदर ज्या पद्धतीनं विणतात त्यात यंत्राला फारसं काम नाही. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर गुंडाळलेला असतो. नक्षीच्या जागी तेवढाच धागा हातानं उभ्या ताण्यातून काढायचा, शेजारच्या रंगात अडकवायचा, पुढे जायचं. बांगडी मोर, मुनिया, असावली, कोयरी, अजिंठ्याचं कमळ. नीट विणलेला पदर उलटा केला तरी नक्षी तशीच दिसते. मागच्या बाजूला लोंबते धागे नसतात. खरी पैठणी ओळखायची ही साधी परीक्षा आहे आणि ती दुकानात सगळ्यांसमोर करायला काही हरकत नाही. साधी पैठणी महिनाभरात उतरते; भरगच्च पदराच्या साडीला अनेक महिने जातात, कधी वर्षही.

या कामाला जागा देतं ते विणकराचं घर, आणि कच्चा माल बऱ्याचदा व्यापाऱ्याचा. रेशीम आणि जर त्याची, मजुरी विणकराची. घरातली बाई कांड्या भरते, तिची मजुरी त्याच रकमेत जिरते. उषवदातानं ज्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण विश्वासानं ठेवले, त्यांच्याच धंद्यातला माणूस आज बहुधा उचल घेऊन विणतो. दोन हजार वर्षांत हातातली कला कमी झाली नाही. पत मात्र हातातून दुकानाकडे गेली. येवल्याला जाऊन पैठणी घेणं सगळ्यांना जमणार नाही. पण विणकराच्या घरात अर्धा तास बसून, काम बघून, मगच दुकानात भाव करायला गेलं तर तोंडून निघणारा भाव बदलतो, एवढं नक्की.

काळा घोडा, मंगळवार ते सोमवार

आता घोटीहून दुसऱ्या दिशेला, घाट उतरून मुंबईला. रेल्वेनं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरायचं आणि पंधरा-वीस मिनिटं चालत काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये सुरू झाली. सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. त्यामागे चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांचा आग्रह होता. पहिल्या मजल्यावर १९६३ पासून अनेक वर्षं केमोल्ड होतं; जिव्या मशे तिथेच पहिल्यांदा मुंबईकरांना दिसले. म्हणजे तांदळाच्या पिठाची वाट याच जिन्यावरून वर गेली.

जहांगीरला प्रवेश फुकट आहे. हे वाक्य पुन्हा वाचावं, कारण बाहेरच्या पायऱ्यांवर आजही माणसं आत जावं की नाही या विचारात उभी दिसतात. आत एकाच वेळी तीन-चार दालनांत वेगवेगळी प्रदर्शनं असतात. मंगळवारी लागतात, पुढच्या सोमवारी उतरतात. त्या एका आठवड्यासाठी कलाकारानं काही वर्षं रांगेत वाट पाहिलेली असते. दालनाचं भाडं, चौकटी, टेम्पो, छापलेली पत्रिका, आठवडाभर मुंबईत राहण्याचा खर्च, सगळं तो स्वतः घालतो. एखादं चित्र विकलं गेलं तर चौकटी सुटतात, दोन विकली तर भाडं. बाकीच्यांनी निदान बघावं अशी त्याची अपेक्षा असते. बाहेर फुटपाथवर ज्यांना आत जागा परवडत नाही ते चित्रकार कंपाउंडला चित्रं टेकवून बसतात आणि समोर बसवून माणसाचं चित्र काढून देतात. तेही बघावं, तिथे भाडं नाही, म्हणून भावही परवडणारे.

रस्ता ओलांडला की नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, आणि जहांगीरच्या शेजारीच १९२२ मध्ये खुलं झालेलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पण एका दिवशी सगळं करू नये. एक दालन, त्यातली तीन चित्रं, प्रत्येकापुढे पाच मिनिटं. पंचवीस चित्रांवरून नजर फिरवून बाहेर पडलेल्या माणसाला संध्याकाळी घरी एकही आठवत नाही.

मग घोटीत काय?

घोटीसारख्या गावात चित्रकलेची अधिकृत जागा शाळा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय परीक्षा तालुक्याच्या शाळांतून होतात: स्मरणचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमीजिएटला ‘अ’ श्रेणी मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, ‘ब’ला पाच, ‘क’ला तीन. त्या गुणांसाठी का होईना, पोरं मातीचा माठ आणि घडी पडलेलं कापड समोर ठेवून दोन-दोन तास बघतात. बघण्याचं याहून चांगलं शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. दहावीनंतर ते थांबतं, कारण काढलेलं लावायला आणि दुसऱ्याचं बघायला गावात जागा नसते. चित्रकलेच्या सरांच्या कपाटात वर्षानुवर्षांचे कागद गठ्ठ्यांनी पडून राहतात.

दालन बांधायला कोट्यवधी लागतात असा आपला समज आहे, आणि पुढाऱ्यांचाही. पण वर ज्या जागा बघितल्या त्यांतल्या बहुतेक कुणी मुद्दाम बांधलेल्या नव्हत्या. घराची भिंत, भाड्याचं बिऱ्हाड, पत्र्याची शेड, माग बसवलेली पुढची खोली. भाताचा हंगाम नसताना रिकामं असणारं गोदाम, ग्रामपंचायतीचं सभागृह, मंगल कार्यालयाचे लग्नतिथी नसलेले दिवस हे सगळं घोटीत आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात शाळेतल्या मुलांची चित्रं, एखाद्या वारली चित्रकाराचं काम आणि नाशिकच्या एका चित्रकाराची वीस चित्रं लावायला तारा, चाप आणि पुरेसे दिवे लागतात. टेम्पो तर या रस्त्यानं जातोच.

पैशाचा प्रश्न राहतो. त्याचं उत्तर पांडवलेण्यांतच, अठराव्या लेण्यात मिळतं. तो चैत्य. त्याच्या दारावरच्या नक्षीदार कमानीचा खर्च कुणी केला, हे तिथेच कोरलेलं आहे: धंभिक गावानं. राजा नाही, जावई नाही, सावकार नाही. नाशिकजवळच्या एका गावानं डोंगरातल्या लेण्याला दार दिलं. त्या गावाला त्या दारातून कुठलं उत्पन्न येणार नव्हतं. आपल्या घोटीची आजची उलाढाल त्या धंभिकपेक्षा निश्चित मोठी आहे. तेव्हा पैसे नाहीत हे कारण कुणी सांगू नये. ग्रामसभेत विषय मांडावा, ठराव करावा आणि पहिल्या वर्षी निदान खिळे गावानं द्यावेत.